फाळक्यातली हिरवी काच

बांगडीचा तुकडा पायाखाली कुरकुरला की माझ्या डोळ्यांपुढे अजून तो टेम्पो उभा राहतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं विसरलो. ही तर साधी अपघाताची केस. पेपरात चार ओळीही आल्या नाहीत. नावं कोणाचीच घेणार नाही. घडलं ते मात्र या वेळी पूर्ण सांगणार आहे.

तेव्हा मी कमलनगर भागातल्या एका ठाण्यात पीएसआय होतो. सीमेवरचं ठाणं. फिर्यादी मराठीत रडायचा, आम्ही कन्नडात लिहायचो आणि भांडणं दख्खनीत व्हायची. सकाळची हजेरी झाली की बाकावर बसलेल्यांना एकेक करून आत घ्यायचं, हा रोजचा परिपाठ. त्या दिवशी बाकावर ठाणाकुशनूरकडच्या एका खेड्यातली दोन माणसं होती. गावात ज्यांना सगळे अप्पा म्हणत असे एक वयस्कर गृहस्थ, आणि कपाळाला पट्टी बांधलेला एक टेम्पोवाला.

बोलले सगळं अप्पाच. गावातली एक बाई बाजाराला पायी चालली होती. म्हैस आडवी आली, टेम्पो वळवताना कलंडला आणि तिच्या अंगावर गेला. गुडघ्याखाली पायाचा चेंदा झाला. बीदरच्या दवाखान्यात पाय कापावा लागला.

"चूक आमच्या पोराचीच हाय साहेब, तसंच लिवून घ्या," अप्पा म्हणाले. "तिचं वाटोळं झालंय. कायद्यानं जे मिळायचं ते मिळू द्या बिचारीला."

अपघातात इतक्या सहज चूक कबूल करणारी माणसं मला फारशी भेटली नव्हती. तरी फिर्याद आली तशी नोंदवली.

काही दिवसांनी बसस्टँडजवळ चहा पीत होतो. तिथला एक जीपवाला येऊन शेजारी बसला. बाजाराच्या दिवशी हा टेम्पोवाला त्याची गिऱ्हाइकं पळवायचा, तो राग त्याच्या पोटात होताच.

"साहेब, ती बाई पायी जायलती व्हय?"

"तसंच लिहिलंय."

"ल्ह्या की. कागद काय, कायबी ऐकून घेतंय. पण बांगड्याच्या दोन टोपल्या घेऊन बाजाराला चालत कोण जायलंय? दर बाजारला त्याच टेम्पोत बसती ती. भाडं देऊन."

खबर देणाऱ्याचा हेतू वाईट असला तरी खबर खरी असू शकते, हे पोलीस लवकर शिकतो. मी परत आलो आणि आवारात उभा केलेला टेम्पो पुन्हा तपासला. मागचा हौदा कोणीतरी धुऊन काढला होता. पण मागचा फाळका, म्हणजे हौद्याची खाली उघडणारी झडप, जिथे बिजागरीवर बसतो, त्या फटीत धुण्याचं पाणी पोचलं नव्हतं. चाकूच्या टोकानं उकरलं तर हिरवी काच निघाली. बारीक चुरा, त्यावर सोनेरी वर्ख. कोणीही सांगितलं असतं की ही बांगड्यांची काच आहे. मी पंच बोलावले, पंचनामा केला आणि लिहिणाऱ्या हवालदाराला शब्द सांगितले, 'काचेचे तुकडे'. एवढेच. त्या क्षणी त्यात काही कपट नव्हतं. घाई होती.

टेम्पोवाल्याला बोलावलं. हात लावला नाही. दिवसभर बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी तो चुरा कागदावर पुढे सरकवला.

"ह्या बांगड्या तुझ्या टेम्पोत कामून आल्या?"

त्यानं कागद परत माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "अप्पाला इचारा, साहेब. मला काई म्हाईत न्हाई."

अप्पा पक्के होते. ते फोडणं अवघड होतं, आणि मला त्याची गरजही नव्हती. ज्यांनी खोटं रचलं त्यांच्याकडून ते फुटत नाही. ज्यांच्यासाठी रचलं, तिथे ते फुटतं.

दवाखान्यात ती वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर होती. इतर खाटांभोवती नातेवाईक, डबे, अंथरुणं. हिच्याजवळ कोणी नाही. नवरा कधीच वारलेला. एकुलती एक मुलगी उदगीरला दिलेली, लेकुरवाळी, ती दोन दिवस राहून गेली होती. गावातून येणारा प्रत्येकजण तिला एकच सांगून जात होता, कोणाशी बोलू नको.

पहिल्या खेपेला मी अपघाताचं काही विचारलं नाही. स्टूल ओढून बसलो, तिच्यासाठी चहा मागवला. ठाण्यात आम्ही गरिबाला 'तुम्ही' म्हणत नसू. तिला म्हणालो. अक्का म्हणालो. धंद्याचं विचारलं.

"बाईचा हात हातात धरला की कळतंय कुठली बांगडी बसंल," ती म्हणाली. "माप लागत न्हाई. तोंडानं एक म्हंत्यात, हात दुसरं सांगतोय."

"माझा हात काय सांगतोय?"

"तुमचा?" ती अपघातानंतर पहिल्यांदा हसली असावी. "कामाचा न्हाई, साहेब. नुसता लिवायचा हात हाय."

दुसऱ्या खेपेलाही नुसताच बसलो. ती माझी वाट पाहू लागली होती, हे मला दिसत होतं. एकट्या माणसाला बोलतं करायला मारावं लागत नाही. नुसतं त्याच्याजवळ बसावं लागतं. ही गोष्ट मी तेव्हा हत्यार म्हणून वापरली.

तिसऱ्या खेपेला विचारलं. तिनं दाराकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदा अण्णा म्हणाली.

"अण्णा, खरं सांगितलं तर काई मिळायचं न्हाई म्हंते अप्पा. मालाच्या गाडीत माणूस बसलं की इन्शुरन्सवाले हात झटकत्यात म्हंते."

"खरं सांगितल्यानं कुणाचं नुकसान होत नाही, अक्का."

हे वाक्य माझं आहे. तिनं त्यावर विश्वास ठेवला आणि सगळं सांगितलं. ती टेम्पोच्या मागं बसली होती. दोन्ही टोपल्या मांडीशी धरलेल्या. "काच हाय नव्हं. गचका बसला की फुटती. म्हणून फाळक्याला पाय रेटून बसते मी, नेहमीच." टेम्पो कलंडला तेव्हा फाळका उघडला आणि तोच पाय खाली सापडला. टोपल्या सोडून दिल्या असत्या तर कदाचित ती बाजूला फेकली गेली असती. पाय वाचला असता.

सोबतचा हवालदार कन्नडात जबाब लिहीत होता. तो थांबला. "टोपल्यांचं लिहू का, साहेब?"

"नको. मुद्द्याचं लिही. मालवाहू टेम्पोतून भाडं देऊन प्रवास करीत होते."

त्यानं तसं लिहिलं. तिला कन्नड वाचता येत नव्हतं. "तुम्ही सांगितलं तेच आहे," असं मी तिला सांगितलं.

केस फिरली. विम्यासाठी रचलेली अपघाताची खोटी हकीकत मी उघड केली होती. मासिक बैठकीत वरिष्ठांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं, प्रशस्तिपत्र मिळालं. इन्स्पेक्टरच्या बढतीसाठी माझ्या नावाचा विचार चालू होता, तिथेही ते कामी येणार होतं.

पुढे तिच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीनं मला साक्षीला बोलावलं. कोर्टाच्या व्हरांड्यात कंपनीच्या वकिलानं चहा पाजला आणि हसत म्हणाला, "साहेब, तुमचे उपकार आहेत. तुम्ही बांगड्यांचं कुठं लिहिलं नाहीत."

"त्यानं काय फरक पडतो?"

"फरक? नुसता प्रवासी मालाच्या गाडीत बसला तर आमची जबाबदारी नाही. पण स्वतःचा माल घेऊन त्याच्याबरोबर बसलेला मालक असेल, तर कायद्यानं आम्हाला द्यावंच लागतं. बाई आता टोपल्यांचं सांगतेय, तिच्या वकिलालाही वास आलाय. पण जबाबात टोपल्या नाहीत. पुरावा कुठाय?"

गावानं जो कायदा ऐकीव धरून खोटं रचलं होतं, तो अर्धाच कायदा होता. तिचं खरंच तिला तारणारं होतं, पूर्ण सांगितलं असतं तर. आणि तिनं ते पूर्ण सांगितलं होतं. अर्धं मी केलं होतं.

पुकारा झाला. पिंजऱ्यात उभा राहिलो. ती समोरच्या बाकावर, कुबड्या मांडीवर आडव्या ठेवून बसली होती. तिच्या तरुण वकिलानं उलटतपासणीत पंचनामा उचलला.

"यात काचेचे तुकडे लिहिलेत. कशाचे होते?"

मला ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं. खरं बोललो असतो तर माझा तपास अपुरा ठरत होता, आणि बढतीचे कागद वर गेलेले होते.

"सांगता येणार नाही," मी म्हणालो. "टेम्पोची पुढची काचही फुटली होती."

विमा कंपनी सुटली. भरपाईचा हुकूम झाला तो एकट्या टेम्पोवाल्यावर. त्याच्याकडे होता तो एक टेम्पो, आणि तोही कर्ज देणाऱ्यांनी ओढून नेला. हुकूम कागदावर राहिला. तिला नवा पाय बसवायचा होता, पुन्हा बाजार करायचे होते. ते सगळं त्या हुकुमावर अवलंबून होतं.

दुसरी शिक्षा गावानं दिली. तिनं तोंड उघडलं म्हणून पोरगं अडकलं, असा गावाचा हिशेब. त्या गावातल्या एकाही टेम्पोनं तिला पुन्हा मागं बसवलं नाही. बायका बांगड्या भरायला दुसरीकडे जाऊ लागल्या. हे मला त्याच जीपवाल्यानं सांगितलं, आणि सांगताना त्याचीही मान खाली होती.

मी इन्स्पेक्टर झालो. मन्नाएखेळ्ळीकडे काही वर्षं काढली, हायवेवरचे कितीतरी अपघात नोंदवले. प्रत्येक जखमीला विचारायचो, गाडीत तुमचं काय सामान होतं? हवालदार आपसात हसायचे. ज्या एका बाईला विचारायला हवं होतं, तिच्याकडे मात्र गेलो नाही. पन्नाशी उलटल्यावर मुदतीआधीच निवृत्ती घेतली. तब्येतीचं कारण लिहिलं. आता कलबुर्गीत दोन खोल्यांत राहतो. बायको मुलाकडे बेंगळुरूला असते, फोन येतो, जेवलात का एवढं विचारून संपतो. दिवसभर कोणी बोलायला नसतं. स्टुलावर येऊन नुसतं बसणाऱ्याला एकटा माणूस काय काय सांगेल, ते आता मला कळतं.

तिच्या वतीनं मुलीनं केलेलं अपील उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठात अजून पडून आहे, हे एका ओळखीच्या वकिलाकडून समजलं. मी त्याला सगळं सांगितलं. प्रतिज्ञापत्र देईन म्हणालो.

"कोर्ट इतक्या उशिरा मानेल की नाही, सांगता येत नाही," तो म्हणाला. "तुमच्या खोट्या साक्षीचं मात्र नक्की निघेल. विचार करा."

विचार करायला मी बरीच वर्षं घेतली होती. दुसऱ्या सकाळी बस धरली, पुढे जीप.

ती दारातच बसली होती. शेजारी टोपली, तिच्यावर कापड. केस पिकले होते. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"या, साहेब."

अण्णा म्हणाली नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. टोपल्यांचं लिहू दिलं नाही ते, व्हरांड्यातलं, पिंजऱ्यातलं.

ती म्हणाली, "मला वाटलं, फुटलेला माल मोजत नसतील. सगळ्याच फुटल्या होत्या न. म्हणून तुम्ही कोर्टात बोलला न्हाईत."

इतकी वर्षं तिनं माझ्या खोटेपणाला हे कारण देऊन ठेवलं होतं. मला ते चाबकासारखं लागलं.

मी वही काढली. म्हणालो, "अक्का, त्या दिवशी टोपल्यांत काय काय होतं, ते सांगा. आता मराठीत लिहितो. तुम्ही वाचून बघा."

ती सांगत गेली. हिरव्या, लग्नसराईच्या. राजवर्खी. लेकरांच्या काळ्या, नजर लागू नये म्हणून. उदगीरहून आणलेला नवा माल, अजून दोरा न सोडलेला. मी लिहिलं आणि वही तिच्या हातात दिली. तिनं ओळीवर बोट ठेवून वाचलं.

"ह्ये चुकलंय. काळ्या वरच्या टोपलीत होत्या. खालच्या न्हाई."

मी दुरुस्त केलं.

वाचकांना सांगण्यासारखं एवढंच आहे. अपघात झाला तर खोटं रचू नका, शहाणी माणसं रचून देतील तरीही. आणि खरं सांगाल तेव्हा तुमच्याजवळची टोपलीसुद्धा सांगा. पोलीस म्हणेल, मुद्द्याचं बोला. तुम्ही ऐकू नका. लिहिलेलं तुमच्या भाषेत वाचून घ्या, त्याची नक्कल मागा. मुद्दा काय आहे, हे लिहिणाऱ्याला नेहमी कळतंच असं नाही. कळलं तर तो खरं बोलेलच, असंही नाही.

प्रतिज्ञापत्र दिलं आहे. तारीख लागायची आहे. माझ्याविरुद्ध जे निघायचं ते निघेल.

त्या दिवशी वही मिटून मी निघायला उठलो. माफ केलं, असं ती म्हणाली नाही, आणि मीही मागितलं नव्हतं. उन्हं दारात आली होती. गल्लीतून दोन बायका गेल्या, त्यांनी इकडे पाहिलं नाही.

"जीपला येळ हाय अजून," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "बसा. हिकडं कोण येत न्हाई."

मी उंबऱ्यावर बसलो. या वेळी मला काही विचारायचं नव्हतं.