वसंताचा सवाल

वसंता गेल्याचं मला शोकसभेच्या पत्रिकेवरून कळलं. ‘लोककलेचा आधारस्तंभ हरपला’ म्हणे! दोन वर्षांपूर्वी ज्यांनी त्याला व्यासपीठावर अर्धा तास द्यायचं नाकारलं, त्याच सांस्कृतिक मंडळाने हे छापलं होतं. मी ती पत्रिका टराटरा फाडली… सभेला गेलो नाही.

वसंता हातखंब्याजवळच्या खाणीत चिरे काढायचा आणि शक्ती-तुऱ्याचा शाहीर होता. दोन शाहीर समोरासमोर उभे राहून गाण्यातून सवाल-जवाब करतात, त्या सामन्याला आपण बारी म्हणतो. २००१ साली बारीसाठी मुंबईला गेलेला असताना त्याने फुटपाथवरून एक इंग्रजी पुस्तक उचललं. कशासाठी, तर मुखपृष्ठावर माइक धरून चौघे उभे होते म्हणून. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, तेव्हा ते माझ्याकडे आलं. दर रविवारी दुपारी पडवीत बसून मी वाचायचो आणि त्याला अर्थ सांगायचो. पुस्तक अमेरिकेतल्या चार रॅप गायकांवरचं निघालं. रॅप मला नुसता आरडाओरडा वाटे. पण त्या चौघांच्या गोष्टीतून हिप-हॉपचा सगळा इतिहासच उलगडत गेला… पडक्या वस्तीतली मुलं, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरून ओढलेली वीज, दोन तबकड्यांवर धरलेला ठेका आणि यमकाला यमक भिडवून समोरच्याला गप्प करणं. वसंता ताडकन उठून उभा राहिला. “मास्तर, ही तर बारी! ही आपल्यासारकीच मानसं हायत!”

हे त्याला चार लोकांना सांगायचं होतं. मी मंडळाचा सभासद, तेव्हा व्याख्यानमालेसाठी मीच त्याचं नाव सुचवलं. बैठकीत एक सभासद म्हणाले, “खाणीवरचा गडी अमेरिकेवर बोलणार? त्यापेक्षा नाचायला बोलवा त्याला.” सगळे हसले. विषय संपला.

मंडळाचा शिपाई वसंताच्याच वाडीतला होता. पुढच्या रविवारी वसंता आला, पण बसला नाही. “मास्तर, तुमी त्या खोलीत व्हतात ना? मग तुमी काय केलात?”

मी म्हणालो, “चहा टाकायला सांगतो, थांब.” तो थांबला नाही. पुन्हा कधी आला नाही.

त्या सभासदांचा राग येतोच. वसंताचाही येतो, पुस्तक घेऊन गेला असता तर मी सुटलो असतो. ते माझ्याच फळीवर आहे. दोन प्रकरणं राहिली आहेत, तिथे खुणेला त्याचं एसटीचं तिकीट आहे. रविवारी मी पुस्तक उघडतो आणि तिकिटाशीच अडतो. बारीत जवाब न देणारा शाहीर हरतो. माझा जवाब काही अवघड नव्हता.

मीही हसलो, वसंता.