देवगडला ट्रॅक्टर बघायला

आमचा नांगरी दोडामार्गला रबराच्या बागेत कामाला लागला, त्या वर्षापासून पुढची तीन-चार वर्षं मला नुसती थकव्याने आठवतात. तो काही न सांगता गेला नाही. एका संध्याकाळी आला, घरापुढच्या खळ्यात बसला आणि पाणी प्यायला.

"वयनी, थंय बारा म्हयने काम आसा," तो म्हणाला. "हय पावसाचे चार म्हयने. मगे काय?"

अठरा वर्षं त्याने आमचा नांगर धरला होता. मी "जा तू," म्हटलं.

आमचं गाव कुडाळच्या वरच्या अंगाला. डोंगराच्या पायथ्यापासून व्हाळाच्या पाण्यापर्यंत पायऱ्यांसारखे उतरत गेलेले आमचे बावीस कुणगे, म्हणजे मातीच्या मेरा घालून बांधलेले भाताचे तुकडे. काही अंगणाएवढे, काही त्याहून लहान. आमचे हे शाळामास्तर. त्यांची शाळा पार घाटाच्या तोंडाशी, त्यामुळे ते तिथेच खोली घेऊन राहत आणि शनिवारी रात्री घरी येत. रविवारी जेवून, पेपर वाचून परत जायची तयारी. शेती मीच बघत होते.

त्या पावसात रोजाने नांगरी मिळाले ते दुसऱ्यांची कामं आटोपल्यावर. तोवर लावणीच्या रोपांचा आमचा तरवा वाढून पिवळा पडत चालला होता. शेवटी सहा दिवस मी स्वतः नांगर धरला. बाईने नांगराला हात लावायचा नसतो असं आमच्याकडे मानतात. तोंडावर मला कोणी काही बोललं नाही, पण वरच्या वाटेने जाणारी माणसं त्या सहा दिवसांत खालच्या वाटेने जाऊ लागली. सहाव्या दिवशी मी मेरेवर बसले ती उठलेच नाही. बैल जुवासकट चिखलात उभे, मी वर बसलेली, आणि तिघांपैकी कोणालाच हलावंसं वाटत नव्हतं.

पुढच्या चैत्रात हे शनिवारी आले ते बातमी घेऊनच.

"देवगडाक एका बागायतदाराचो ट्रॅक्टर विकूचो आसा," जेवताना म्हणाले. "जुनो आसा, पण फोर-व्हील. चारय चाकां ओढतत."

"चिखलात?"

"चिखलासाठीच तर चार चाकां."

तेव्हा आमच्या पंचक्रोशीत ट्रॅक्टर म्हणजे लाकडं नाहीतर चिरे वाहणारा. शेतात घातलेला मी पाहिला नव्हता. हा मात्र परदेशी बनावटीचा, लहान अंगाचा, गोव्यातल्या एका खाणीवरून लिलावात घेतलेला होता म्हणे. यांनी कागदावर त्याचं चित्रसुद्धा काढून दाखवलं. इतक्या उत्साहाने बोलताना मी त्यांना फार दिवसांनी बघत होते. दुसऱ्या दिवशी ते गेल्यावर मी बैलाचा कासरा घेतला आणि पाणंद मोजायला गेले. जिथे वाट सगळ्यात अरुंद तिथे कासऱ्याला एक गाठ मारली. सगळ्यात लहान कुणग्याच्या रुंदीला दुसरी. मला फोर-व्हीलमधलं काही कळत नव्हतं, पण अंग वळवायला जागा लागते एवढं कळत होतं.

माझा धाकटा भाऊ एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. त्याच्या सुट्टीच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. कणकवलीला गाडी बदलून देवगडला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. पुढे कातळावरून दोन मैल चालत. बागायतदाराच्या मांगरात, बागेतल्या खोपटात, आंब्याच्या पेट्या भरायचं काम चाललं होतं. पाच-सहा बायका पेंढ्यात बसून फळं लावत होत्या. बागायतदार साठी उलटलेला, उंच, पांढऱ्या बनियनमधला माणूस. चालताना डावा पाय ओढायचा. त्याने आम्हाला कोकमाचं सरबत दिलं आणि ट्रॅक्टरकडे नेलं.

ट्रॅक्टर फणसाच्या सावलीत उभा होता. निळा रंग उन्हाने फिका पडलेला, सीटला पोत्याचं तरट शिवलेलं. भावाने आधी बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"गरम आसा," तो हळूच म्हणाला. "आमी येवच्या आदीच चालू केलेलो. थंड इंजिन सुरू होवक किती वेळ घेता, ता आता कळाचा नाय."

त्याने तेलाची पट्टी काढून बोटावर तेल चोळून पाहिलं. मग इंजिन सुरू केलं. आधी काळा धूर आला, मग निवळला. त्यावर तो खूश दिसला. त्याने आवारात दोन फेऱ्या मारल्या. दोन्ही हात पाठीमागे बांधून हे वर्गात फिरावं तसे त्याच्या मागून फिरत होते. मी पिशवीतून कासरा काढला आणि दोन चाकांमधलं अंतर मोजलं. पाणंदीच्या गाठीत बसत होतं. कुणग्यात मात्र तो जेमतेम एकदा वळला असता. बागायतदार माझ्या कासऱ्याकडे बघत राहिला, पण हसला नाही.

"टायर चांगले आसत, वयनी," तो म्हणाला. "पुढचे तर बघा, नव्यासारखे."

मी बघितले. पुढच्या टायरांच्या धारा उभ्याच्या उभ्या होत्या. मागचे मात्र झिजून सपाट.

"हे मागसून घातलात?" मी विचारलं.

"नाय, चारय एकदमच. चार वर्सां झाली."

मी जन्मभर बैल पाहिलेत. जोडीतला जो बैल ओढत नाही, त्याच्या मानेला घट्टा पडत नाही. बाजारात त्याची मान बघून लोक फसतात, म्हणतात काय सुंदर बैल. मी भावाला बाजूला घेऊन म्हटलं, "ही पुढची चाकां कधी ओढूकच नाय. वाकून बघ तरी."

त्याने तरट मागितलं, अंथरलं आणि ट्रॅक्टरखाली शिरला. त्याचे फक्त पाय दिसत होते. मग आतूनच म्हणाला, "आक्का, हय दांडोच नाय."

इंजिनाची ओढ पुढच्या चाकांपर्यंत नेणारा लोखंडी दांडा. तो काढून टाकलेला होता. पुढची चाकं नुसती फिरत होती, बैलगाडीसारखी.

बागायतदार एका पालथ्या पेटीवर बसला.

"चार वर्सां झाली," तो म्हणाला. "पुढच्या गिअराचे दाते तुटले. गोव्यात बघितलंय, कोल्हापुराक माणूस धाडलंय, पार्ट खंय गावाक नाय. मगे दांडो काढलंय. कातळार पाण्याची टाकी ओढूक दोन चाकां पुरतत."

"मग फोर-व्हील म्हणून का सांगितलंत?" हे विचारते झाले. रागावले की ते पुस्तकी बोलत.

"तसा सांगल्याशिवाय कोण हय येता, मास्तर?" तो म्हणाला. मग डाव्या मांडीवर हात ठेवून, "माझो डावो पाय आता क्लच दाबूक ऐकणा नाय. चलवणारो माणूस ठेवतंय तो आंबे संपले की जाता. नजरेसमोरसून हो एकदा गेलो म्हणजे झाला."

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या माणसाचा आवाज माझ्या ओळखीचा होता. सहाव्या दिवशी मेरेवर बसून मी बैलांशी बोलले होते तो तसाच आवाज होता. त्याने आम्हाला जेवूनच जा म्हटलं आणि आम्ही जेवलो. उकड्या तांदळाची पेज, सुकटीची चटणी. किमतीचं बोलणं निघालंच नाही. निघताना त्याने डझनभर आंबे पिशवीत घातले. यांनी ते घ्यायला नको म्हटलं. मी घेतले.

कणकवलीच्या स्टँडवर भाऊ चहा प्यायला गेला तेव्हा हे म्हणाले, "दोन चाकांवर तरी चालतो ना. थोडं कमी-जास्त करून—"

"आमच्या चिखलात तो पोटापर्यंत रुततलो. मगे तेका ओढूक बैल आणूचे लागतले."

"मग तू करणार काय?"

मला त्या क्षणी एवढी झोप येत होती की बाकावरच आडवं व्हावंसं वाटलं. म्हणूनच बहुधा मनातलं बोलून गेले. "तुमी बदलीचो अर्ज करा."

"अर्ज केला की बदली मिळते असं नसतं."

"ता माका म्हायत आसा. करा."

ते गाड्यांच्या पाट्या वाचू लागले. मग म्हणाले, "मी येऊन तरी काय करणार? मला नांगर धरता येत नाही."

"नांगर धरूक नको. सांजेक घरात कोण तरी असूक व्हया."

गाडी आली, आम्ही चढलो. त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि कुडाळ येईपर्यंत मी झोपले.

त्या वर्षी मी वरचे नऊ कुणगे पड टाकले. गावात बोलणं झालं; मास्तरणीला शेत जड झालं, असं. खरंच होतं ते. खालचे तेरा कुणगे शेजाऱ्याने त्याच्या जोडीने नांगरून दिले, आणि बदल्यात मी त्यांच्या लावणीला गेले, नांगराच्या एका दिवसाला माझे दोन दिवस या हिशोबाने. वाकून वाकून कंबर धरली, पण बैलांच्या मागून फिरण्यापेक्षा ते बरं होतं. लावणीला बायका सोबत असतात.

देवगडचा ट्रॅक्टर पुढे कोणा चिऱ्याच्या खाणीवाल्याने नेला, असं भावाने ऐकलं. खाणीवर चिखल नसतो. तो बरा चालला असेल.

बदली दोन पावसाळे गेल्यावर झाली. यांची नवी शाळा घरापासून तासाभराच्या चालीवर होती. ते रोज तिन्हीसांजेला येऊ लागले. शेतीचं त्यांना काही जमलं नाही, पण गोठ्यात पाणी भरायचे, आणि मी लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, बसले की कंदिलाची काच पुसता पुसता शाळेतलं काही सांगायचे. मी अर्धं ऐकायची.

वरच्या कुणग्यांत आम्ही नंतर काजू लावले. खड्डे आपणच काढणार म्हणत हे मे महिन्याच्या सुट्टीत कुदळ घेऊन गेले. तीन दिवस त्यांनी काढले. चौथ्या दिवशी हाताला फोड आले, म्हणून उरलेले मी काढले.