मक्यापलीकडचं स्टेशन

जर्मनीतल्या आमच्या घरापासून स्टेशन अगदी हाकेच्या अंतरावर. पण मध्ये मक्याचं शेत, आणि उन्हाळा सरता सरता तो मका माझ्या डोक्यावर गेला. त्यातली पायवाट बघूनच मी मागे फिरायचे. नवरा हसायचा. "इथे कुठला आलाय बिबट्या? फार तर ससा निघेल."

ते मलाही कळत होतं. पण मी निरगुडसरची, आमच्याकडे उसात बिबटे. उसाच्या कडेने जायचं ते जोडीनं, मोठ्यानं बोलत. एकटं असलं तर मोबाईलवर गाणी लावून. आणि वाकायचं नाही, कारण वाकलेला माणूस बिबट्याला शेळीएवढा दिसतो. हे आमच्याकडे पोरांना शाळेच्या आधी शिकवतात.

खरं तर मला भटकायची भारी हौस. लहानपणी आईबरोबर नारायणगावच्या बाजाराला गेले, की हायवेवरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत उभी राहायचे, आई दंडाला धरून ओढायची. लग्न करून एवढ्या लांब आले ते निम्मं त्या हौसेपायी, हे नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. इथे थंडी अंगवळणी पडली, कचऱ्याचे रंगीबेरंगी डबेही पाठ झाले. एवढी एक वाट मात्र ओलांडवेना.

मग शेजारच्या आजींनी समुद्र बघायला चल म्हणून माझंही तिकीट काढलं. त्या लेकीकडून परस्पर स्टेशनवर येणार होत्या, नवरा कामावर गेलेला. फोनवर जागरणाची गाणी मोठ्यानं लावून मी एकटीच मक्यात शिरले. पानं सळसळली की मीही गाण्याबरोबर ओरडायचे. अर्ध्या वाटेत बघते तर एक माणूस मक्याच्या कडेला वाकून बुटाची नाडी बांधतोय!

"अवो, उठा! वाकू नका!" मी मराठीत किंचाळले.

बिचारा ताडकन उठला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. तो मला घाबरला होता. मी तशीच पळत स्टेशन गाठलं.

आजींनी खिडकी दिली. गाडी सुटली आणि मला आनंदानं रडूच आलं. कितीतरी वेळ नुसती बाहेर बघत बसले, मग आईला फोन लावला.

"आई, समुद्र बघायला चाललेय! तू काय करतेस?"

"गाईला घास कापतीय. उसाच्या कडंला."

तिकडे उन्हं कलली असणार. "एकटीच? मग गाणी लाव ना फोनवर!"

"लावली व्हती की. तुजा फोन आला अन् बंद पडली."

"ठेवते मग मी, ठेवते!"

"ठिऊ नको. मला कुटं येतंय परत लावाया? तुजी वयनी लावून देती. त्यापरीस तूच बोल. फोन मोठा करून बांधावर ठिवते. मोठ्यानं बोल."

डब्यात चिडीचूप. मी बोलायला लागले. खिडकीतून दिसेल ते सांगत सुटले: गाई, पवनचक्क्या, लाल कौलं, कालव्यातल्या होड्या. पलीकडून विळ्याची खरखर येत होती, ती जरा थांबली की माझा जीव जायचा. समोरच्या बाईनं दारावरचं चित्र दाखवलं, ओठांवर बोट: गप्प बसायचा डबा. आजींनी माझा हात दाबला. मी आवाज कमी केला नाही.

मग खरखर थांबली ती थांबलीच.

"आई? अगं आई! समुद्र आला बघ! नुसतं पाणीच पाणी! आई!" मी उभी राहून ओरडत होते. अख्खा डबा माझ्याकडे बघत होता आणि मला समुद्र धड दिसतही नव्हता.

"अगं, केवढ्यानं वरडतीस," आई म्हणाली. "मी कवाच घरी आले. म्हनलं लई चांगलं सांगतीय, ऐकावं."

मी मटकन खाली बसले.

"अन् काय गं," ती म्हणाली, "उद्या कुटं जानार हाईस? उद्या बी घास कापायचाय."