मोबाइलमधली सरकी

शेळके गुरुजींचं नाव आधी घेतो. त्यांच्यामुळे मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो आणि पुढे फौजदार झालो. बंद पडलेला रेडिओ वर्गात खोलून ते म्हणत, "आत पाहिल्याशिवाय बोलायचं नाही." दिग्रस भागातल्या एका तपासात त्या वाक्यानं मला स्वस्थ बसू दिलं नाही. तो तपास अजून मनातून जात नाही.

कापसाला भाव नव्हता. वाढेल या आशेनं लोकांनी कापूस राहत्या घरात भरून ठेवला होता. अशाच एका शेतकऱ्यानं तक्रार दिली की कोनाड्यातला मोबाइल चोरीला गेला. संशय झरी जामणीकडून वेचणीला आलेल्या बाईवर.

"तेच आलती घरात पाणी प्याले," तो म्हणाला.

महिला शिपायासमोर चौकशी केली. बाईचं एकच उत्तर. "म्या नाही घेतला, साहेब. चोर म्हनलं तर मले वेचाले कोन बलावन?"

खबऱ्याकडून कळलं, तसा मोबाइल दिग्रसच्या एका दुरुस्तीच्या दुकानात आला आहे. दुकानदारानं कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातल्या हमालाकडे बोट दाखवलं. हमाल म्हणाला, "गाडी खाली करून राह्यलो होतो, कापसात भेटला."

"आता कापसात मोबाइल बी पिकते काय?" आमचे जमादार म्हणाले.

'सापडला' हे उत्तर प्रत्येक चोर देतो. तरी मन मानेना. बॅटरीखालचा क्रमांक जुळवायचा होताच, म्हणून पंचांसमक्ष मोबाइल उघडला. मागचं झाकण सैल, वरून रबर लावलेलं. क्रमांक तक्रारदाराचाच. पण बॅटरीच्या कडेला एक चिरडलेली सरकी होती. दुकानदाराकडून आतले स्क्रू काढून घेतले, तर स्पीकरपासून सर्किटपर्यंत कापूस दाबून बसलेला.

कोनाड्यातल्या मोबाइलमध्ये सरकी कशी? तक्रारदाराला विचारलं, "झोपता कुठं?"

 सोबतची त्याची आई बोलली, "कापसाच्या ढिगावरच, साहेब. घरात दुसरी जागा हाय कोठी? गाने आयकत लोयते तो त्याच्यावर."

"मले वाटलं, कोनाड्यात ठेवला असन," तो पुटपुटला. त्याच ढिगातला थोडा कापूस, पैशाची नड म्हणून, मोबाइल हरवला त्या दिवशी सकाळी गाडीत भरून दिग्रसच्या जिनिंगला गेला होता.

वस्तू दिसेनाशी झाली की आपण आधी जागा शोधत नाही, माणूस शोधतो. परका आणि गरीब माणूस लवकर सापडतो. एवढं मी त्या दिवशी शिकलो. त्याच संध्याकाळी गुरुजींना पत्र टाकलं:

"आदरणीय गुरुजी, सा. न.
आज आत पाहिलं आणि मगच बोललो. बाई सुटली. पण निघताना तिनं विचारलं, 'साहेब, हे गावाले कोन सांगन?' कागदावर तपास संपला, माझ्या जिवाला मात्र चैन नाही. उद्या तक्रारदाराला घेऊन त्याच्या गावात जातो. चावडीवर त्यालाच बोलायला लावीन. तो बोलेपर्यंत मी तिथून हलणार नाही.
आपला विद्यार्थी"