अप्पांचा हिरवा ठिपका

आमच्या उदगीरचा मन्मथ माझा शाळेपासूनचा दोस्त. देवणी जातीची गुरं पाळणाऱ्यांच्या एका संस्थेची वेबसाइट आणि तिचा सर्व्हर तो सांभाळतो. कामात तरबेज, पण घरच्या माणसांपुढे त्याची अक्कल गहाण पडते.

त्याचे वडील महादेवप्पा रोज सकाळी जुन्या फोनवरून साइटवर यायचे आणि आपल्या वळूची खबरबात लिहायचे. नावापुढे हिरवा ठिपका लागला की समजायचं, अप्पा आले. त्या फोनला नवं एन्क्रिप्शन झेपत नव्हतं, म्हणून मन्मथनं जुनी, कच्ची पद्धत सर्व्हरवर चालूच ठेवली.

"अरे, मधल्यामधे कुणीतरी त्यांचा पासवर्ड वाचेल," मी चिडून म्हणालो.

"म्हाताऱ्याचा पासवर्ड घेऊन कुणाला काय करायचंय?" तो हसला.

पोळा झाला आणि अप्पा गेले. त्यांना मातीत ठेवून आल्यावर मन्मथनं तो फोन बंद करून पेटीत टाकला. पुढे काही दिवसांनी त्याची आई महादेवी आपल्या फोनवर साइट बघत बसली होती. अप्पांच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला.

"आले बघ ते," ती म्हणाली.

मन्मथनं पेटी उघडली. फोन बंदच होता. पासवर्ड चोरीला गेलाय, हे त्याला तिथल्या तिथं कळलं. पण अप्पा गेल्यापासून आई त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली. खातं बंद करू उद्या, असं म्हणत त्यानं दिवस ढकलले. खरं सांगायचं तर सकाळी तोही त्या ठिपक्याची वाट बघू लागला होता. मला त्याचा राग यायचा, आणि भीतीही वाटायची.

मग एके सकाळी आई खुशीत म्हणाली, "तुझी लई आठवण काढायलेत. मन्या कसा हाय, इचारलं. मन्या म्हणतेत तुला, हे दुसऱ्या कुणाला ठाऊक हाय का?"

मन्मथनं तिचा फोन हातात घेतला. साइटवरच्या निरोपांतून ती रोज अप्पांच्या नावाशी बोलत होती. ते नाव आईनंच आधी लिहिलं होतं. घरातलं सगळंच लिहिलं होतं. तिकडून आलेला शेवटचा प्रश्न त्याच्या मुलीबद्दल होता: 'पुनमला शाळेतून आणायला कोण जातं?' खाली आईचं उत्तर होतं, 'कुणी न्हाई, एकटीच येती.'

त्यानं अप्पांचं खातं गोठवलं, जुनी पद्धत कायमची बंद केली आणि पोलिसांत तक्रार दिली. तेव्हापासून पुनमला आणायला मी जातो.

मन्मथनं आईला सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग ठिपका विझलेल्या नावावर बोट ठेवलं.

"तिकडं एकटं वाटतं का, असं इचारलं होतं मी," ती म्हणाली. "त्यांचा जबाब तरी येऊ द्यायचा होतास."