चालण्याची सहल

चालायला जायचं तर आधी गाडीत बसावं लागतं, हे मला म्हातारपणी कळलं. सोलापुरात आम्ही राहतो त्या सोसायटीतल्या सहा-सात घरांनी ठरवलं की एका रविवारी सकाळी पोरांना घेऊन शहराबाहेर चालायला जायचं. त्याला त्यांनी नाव दिलं जंगलफेरी. जंगल म्हणजे काय, तर गवताचा माळ, मधूनमधून सरकारनं लावलेली गिरिपुष्पाची आणि कडुनिंबाची झाडं, आणि त्यांतून काढलेली मुरमाची वाट. असल्याच माळावर मी वाढले. आम्ही त्याला जंगल कधी म्हटलं नाही. माळ म्हणायचो आणि शिव्या द्यायचो. आम्ही चालायचो कारण गाडी नव्हती. त्यात मजा असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मला या फेरीची हौस नव्हती, पण माझं काम तिच्यावर अडलं होतं. सांगोल्याकडं माळावर माझ्या धाकट्या भावाचं घर आहे. त्याच्याकडं अजून थोडी मेंढरं आहेत. त्याची पोरं साखर कारखान्यात नोकरीला लागली, त्याचे गुडघे गेले, आणि संक्रांतीनंतर मेंढरं विकून टाकायची असं त्यानं ठरवलं. हे त्यानं मला फोनवर सांगितलं, जसं कुणी सांगावं की उद्या दळण आणायचंय. मला एकदा जाऊन यायचं होतं. बापाच्या हातची मेंढरं, त्यांचीच ही पिलावळ. ती विकायच्या आधी बघायची होती, एवढंच.

पण मी जाणार कशी? मुलगा आणि सून दोघं कामावर जातात. पाच वर्षांची नात माझ्याकडं असते. शाळेला नाताळची सुट्टी लागली की दिवसभर असते. म्हणजे नात बरोबर आली तरच मी जाणार. आणि नातीला पाठवायला सून तयार नव्हती.

"आई, एसटी डांबरीवर थांबणार," ती म्हणाली. "तिथून मामांच्या घरापर्यंत सगळा माळ. ही चालणार आहे का?"

"चालंल की."

"इथं जिना चढत नाही ती."

"हितं तुमी चढू देत न्हाय."

ही गोष्ट खरी होती. पोरीला मी घराच्या दारापासून रिक्षापर्यंत चालताना पाहिलंय, त्यापलीकडं नाही. भाजीला जाताना कडेवर, लग्नात कडेवर, देवळात कडेवर. अंगानं ती चांगली भरलेली आहे. माझा मुलगा तिला पिल्लू म्हणून उचलतो आणि रात्री कंबरेला मलम लावून घेतो.

सुनेनं जरा विचार केला. ती सोलापूर शहरातलीच, गिरणीकामगाराची मुलगी, आणि एक गोष्ट तिच्या बाजूनं सांगायला हवी, ती उगाच शब्द देत नाही. म्हणाली, "रविवारी फेरी आहे. न उचलता पूर्ण चालली, तर घेऊन जा. नाही चालली, तर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी बघायला मेंढरं राहणार नव्हती. म्हणून मीही गाडीत बसले.

तिथं उतरल्यावर अर्धा तास कुणी चाललंच नाही. पोरांना क्रीम फासलं, टोप्या घातल्या, डास येऊ नयेत म्हणून हातापायांवर फवारा मारला. मार्गशीर्षातल्या कोरड्या माळावर डास कुठून येणार? एका घरानं बाळाची ढकलगाडी आणली होती. तिची चाकं मुरमात रुतली, मग बाळ आईनं घेतलं आणि गाडी बापानं डोक्यावर. तसाच तो शेवटपर्यंत चालला. प्रत्येकाच्या पाठीवर पिशवी, पिशवीत पाणी, ज्यूस, केळी, चिप्स. एवढ्या शिदोरीत आम्ही मेंढरं घेऊन पार पंढरपुराच्या पुढं गेलो असतो.

फेरी दाखवायला एक तरुण बोलावला होता. गळ्यात दुर्बीण, तोंडात शिट्टी. तो म्हणाला, "छोट्या दोस्तांनो, आज आपण निसर्गाशी गप्पा मारणार आहोत." पुढचा वेळ तोच बोलत होता, निसर्गाला त्यानं बोलू दिलं नाही. त्यानं विचारलं, "जंगलात कोण कोण राहतं?" आमच्या सोसायटीतला एक पोरगा म्हणाला, "वॉचमन." फाटकाशी खरंच वॉचमन बसला होता. त्या सबंध सकाळी मी ऐकलेलं तेवढंच एक शहाणपणाचं उत्तर.

मग त्यानं प्रत्येक पोराला कागदाची पिशवी दिली. पाच प्रकारचा पाला गोळा करायचा आणि घरी जाऊन वहीत चिकटवायचा. पोरं वाकून पाला वेचायला लागली आणि आया ओरडायला लागल्या, हात लावू नको, घाण आहे. पाला वेचायचा, पण हात लावायचा नाही. गवत वाळलेलं होतं, त्याची कुसळं मोज्यांत शिरली. चार पावलं चाललं की कुणीतरी खाली बसून कुसळं काढायचं, आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबायचे. बाप लोक फोटो काढत होते. चालण्याचे फोटो काढायला त्यांना थांबावं लागत होतं.

आमची पोरगी सुरुवातीला बरी चालली. पिशवी नवीन होती तोवर चालली. मग वाट जरा चढाला लागली आणि ती भर वाटेत फतकल मारून बसली.

"पाय दुखतात."

मुलगा लगेच वाकला. मी त्याच्यापुढं काठी आडवी धरली.

"हात लावू नको तिला."

"अगं आई, रडतीय ती."

"रडू दे की. तोंड रडतंय, पायाला काय झालंय?"

"लोक बघतायत."

"मग त्यास्नी उचल."

सून जरा मागं उभी होती. शब्द तिनं दिला होता, आता पोरीला चालवणं माझ्या हातात होतं. मी पोरीला बिस्कीट दाखवलं. तिनं बिस्कीट बसूनच खाल्लं. मी म्हटलं, मामाआजोबांकडं कोकरं बघायची न्हाईत का? ती म्हणाली, मोबाईलवर दाखव. बाकीची मंडळी पुढं वळणापर्यंत गेली. मी विचार केला, गेलं आता. संक्रांत होणार, व्यापारी टेम्पो घेऊन येणार, आणि मी इथं तिसऱ्या मजल्यावर पोरीला कार्टून लावून देत बसणार.

तेव्हा माझ्या तोंडातून हाक गेली. ठरवून मारली नाही. मागं बसून राहिलेल्या मेंढराला उठवायची हाक आमच्याकडं असते, जीभ थरथरवून काढायची आणि शेवटी लांब ओढायची. ब्र्र्र याऽऽ, याऽऽ. तीस-पस्तीस वर्षांत मी ती मारली नव्हती. घसा बसलेला असूनही आवाज चांगला निघाला.

पोरगी जागची हलली नाही. पण ओढ्याच्या काठामागून एक शेरडी, म्हणजे शेळी, वर आली. तिच्यामागं दुसरी. मग सगळा काठच हलला आणि पन्नासेक मेंढरं सरळ आमच्याकडं यायला लागली.

असल्या माळावरची मेंढरं ती हाक ओळखतात हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण हाक मारताना माझ्यासमोर एकच बसलेलं मेंढरू होतं, माझ्या मुलाचं.

मेंढरं आमच्या अंगावरून पुढं वळणाकडं गेली आणि तिथं एकच कालवा झाला. शेरडांना कागदाच्या पिशव्या दिसल्या. पाला आणि वर कागद, त्यांना आणखी काय पाहिजे? पोरांच्या हातातून त्यांनी पिशव्या ओढून घेतल्या आणि उभ्या उभ्या खाल्ल्या. एक बाई विचारत होती, चावतात का, चावतात का, आणि उत्तर ऐकायला थांबत नव्हती. दुर्बीणवाल्यानं पोरं गोळा करायला शिट्टी फुंकली, त्यानं मेंढरं बिथरली आणि पोरांतच घुसली. ढकलगाडीवाल्या बापानं गाडी पुढं धरली, जणू वाघ आलाय.

मेंढरांच्या मागून मेंढका आला. पंचविशीचा असेल. अंगात क्रिकेटवाल्यांचं जाकीट, कानात फोनची वायर आणि काखेत ओलं कोकरू.

"कुणी हाक मारली?" त्यानं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या मुलानंसुद्धा.

"म्या मारली."

"का? तुजी हाईत का मेंढरं?"

"नातीला मारली. उठंना झाली."

"नातीला?" त्यानं पोरीकडं बघितलं. "अगं आज्जे, मग तिचं नाव घ्यायचं की. माजी समदी पाण्याला निघाली हुती. अर्ध्या वाटंतनं फिरली."

"तुजी मेंढरं कुणाच्याबी हाकंला जात्यात व्हय? वळण लावलं न्हाईस."

"माजी परक्याच्या हाकंला तरी आली. तुजी नात तुज्या हाकंला येईना."

माझी सून हसली. मी तिला असं हसताना फारसं ऐकलेलं नाही.

मेंढक्यानं शेरडं हाकलली, तोंडानं शिव्या देत मेंढरं वळवली आणि पाण्याच्या हौदाकडं निघाला. हौद फाटकाच्या अलीकडंच होता. आणि आमची पोरगी उठली. माझ्यामुळं नाही. तिला कोकरू बघायचं होतं.

"हात लावू?"

"लावू नगं," मेंढका म्हणाला. "सकाळीच झालंय. दुसऱ्याचा वास लागला तर आई पाजत न्हाय. मागनं ये बघत."

ती मागून गेली. थोडं चालल्यावर तिच्या डोक्यात हिशेब शिरला. तिनं मागं वळून बापाला म्हटलं, "त्याला उचललंय. मला पण उचल."

मुलगा पुढं व्हायच्या आत मेंढकाच म्हणाला, "तू आज झालीस का?"

"नाही."

"मग चाल."

मी तेच इतका वेळ सांगत होते, पण माझ्या अंगात क्रिकेटवाल्यांचं जाकीट नव्हतं.

मेंढरं चालायची तशी पोरगी चालली. मेंढरं थांबली की ही थांबायची, मेंढरं बोरीला तोंड लावून पुढं सरकली की ही सरकायची. कुणी तिला किती राहिलं ते सांगत नव्हतं, कुणी शाबास म्हणत नव्हतं. वाट सोडून सगळी कुसळांतून निघाली. दुर्बीणवाला लांबून ओरडला, "ताई, वाट सोडू नका, फेरीचा मार्ग इकडून आहे." सून एकदा थांबली, वाटेकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, आणि साडीचा काठ वर धरून कुसळांत शिरली. मी तिच्यामागं. माझे पाय भरून आले होते, पण ते कुणाला सांगायची ती वेळ नव्हती.

हौदापर्यंत पोरगी स्वतःच्या पायांनी आली. तिथून फाटकापर्यंतही आली, कारण मेंढक्यानं जाताना तिला हात केला आणि ती मोठ्या माणसासारखी चालायला लागली.

फाटकाशी दुर्बीणवाल्यानं सगळ्या पोरांच्या छातीवर एकेक पुठ्ठ्याचा बिल्ला लावला. ढकलगाडीवाल्यांच्या बाळालाही लावला, जे पाऊलभर चाललं नव्हतं. आमच्या पोरीला लावला नाही.

"हिनं फेरीचा मार्ग पूर्ण केला नाही ना," तो म्हणाला.

"तुझा मार्ग शेरडांनी खाल्ला," मी म्हटलं. पोरगी बिल्ल्यासाठी रडायला लागली. मुलानं आता तरी तिला उचलावं म्हणून हात पुढं केले, तर सून म्हणाली, "थांबा. गाडीपर्यंत राहू द्या."

गाडीचं दार उघडून ती उंबऱ्यावर बसली आणि पोरीच्या मोज्यातली कुसळं एकेक काढायला लागली. मी शेजारी उभी होते. विचारायची माझी पद्धत नाही, पण मी हलतही नव्हते.

"फेरी पूर्ण नाही झाली," मुलगा म्हणाला. "अर्ध्यातून सोडली."

"अहो, तिला कुणी उचललं का?" सून म्हणाली.

"नाही."

"मग झालं. मी चालण्याचं बोलले होते, वाटेचं नाही." तिनं दुसऱ्या पायातला मोजा काढला. "आई, नाताळच्या सुट्टीत जाऊ."

"जाऊ म्हणजे?"

"मी रजा टाकते. मी पण येते."

हे मला नको होतं. मला सुनेपासून आठ दिवस सुटका हवी होती, आणि खरं तर तिलाही माझ्यापासून असेल. तिथं तिचं काय काय होईल ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. फवारा मारील, पाणी उकळील, माझ्या भावाला जेवणाआधी हात धुवायला लावील.

"न्हाणीघर आहे ना तिथं?" तिनं विचारलं.

"हाय की."

"दार?"

"पडदा हाय."

तिनं मोजा उलटा करून झटकला. मग म्हणाली, "चालेल."

घरी आल्यावर मी भावाला फोन लावला. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून आमचं बोलणं सगळ्या मजल्याला ऐकू जातं.

"पोरगी येती," मी सांगितलं. "तिची आईबी येती."

"आई कशाला?"

"येती म्हणती. चालती ती. कुसळातनं चालली आज."

पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता, पण भावाच्या बोलण्यात मला तो नीट ऐकता आला नाही.

"मग व्यापाऱ्याला सांगतो," तो म्हणाला. "संक्रांतीच्या आधी येऊ नगं म्हनून. त्यो घाई करायलाय."

"सांग," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.