'हस्ते'चा रकाना

अक्का गेल्याची बातमी वसतिगृहाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. सचिवांनीच टाकली होती, खाली जोडलेले हात, तीनदा. त्याच्या महिनाभर आधी याच माणसानं याच ग्रुपवर 'बोगस पावत्यांबाबत खुलासा मागवण्यात येत आहे' असं लिहिलं होतं. मी मोबाइल कॉटवर फेकला. त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. दीड महिना झाला, तो उतरत नाही, म्हणून लिहितोय.

शकुंतलाअक्का आणि मी परभणीत एकाच शाळेत शिकवायचो. निवृत्तीनंतर त्या खेड्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहासाठी देणग्या गोळा करायला लागल्या. मी कार्यकारिणीवर, नावापुरता. अक्कांच्या खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक, आणि एसटीनं पेडगाव, राणीसावरगाव, कुठंकुठं... कुणाच्या घरी गेल्या की 'नाव काय' असं त्या विचारत नसत. विचारायच्या, "कुणाच्या नावानं फाडू?" कारण आमच्याकडं देणारा स्वतःचं नाव लावायला लाजतो. "माय गेली ना अक्का, तिच्याच नावानं फाडा. माजं कशाला?" असं म्हणणारी पस्तिशीतली पोरं मी पाहिली आहेत. मग वर मायचं नाव, आणि खाली 'हस्ते'च्या रकान्यात देणाऱ्याचं. पावती फाडली की अक्का ती दोन्ही हातांनी पुढं करायच्या आणि गेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायच्या, जणू ते माणूस दारातच उभं आहे. माझी बायको गेल्यापासून दरवर्षी मी तिच्या नावानं देत आलो. "इंदूबाईंची पावती," अक्का म्हणायच्या, आणि मला उगाच बरं वाटायचं.

मग सचिवांनी पुण्याहून एक सल्लागार आणला. देणगीदार कोण, वय काय, कल कुठं, हे कळल्याशिवाय देणग्या वाढत नाहीत म्हणे. त्यात चूक काहीच नव्हतं, अक्कांनीच हौसेनं सगळी पुस्तकं काढून दिली. पण यादी करताना त्या शहाण्यांनी 'हस्ते'चा रकाना गाळला, कारण त्यांच्या तक्त्यात त्याला जागा नव्हती. वयं घेतली मतदारयादीतून, आणि आमच्या मतदारयादीत मेलेली माणसं सुखानं नांदतात. निष्कर्ष काय, तर आपले देणगीदार सत्तरीपुढचे, तरुण काही देत नाहीत! मग त्या सत्तरीपुढच्यांना पत्रं गेली, 'यंदा आपल्याला आमचा विसर पडला का?'

पेडगावचा एक जण ते पत्र घेऊन वसतिगृहात आला. "माजी माय जाऊन तीन साल झाले. तिला इसर पडला का म्हून इचारता? लाज न्हाई वाटत?"

चूक कबूल करायची सोडून सचिवांनी सभा बोलावली. मेलेल्यांच्या नावानं पावत्या, म्हणजे बोगस. अक्का शांतपणे म्हणाल्या, "देणारे जिते हायत, सर. पुस्तकातल्या स्थळप्रती उघडा, हस्ते कोन हाय ते बघा." कुणी पुस्तकाला हात लावला नाही. पडद्यावर तक्ता होता, तेवढा त्यांना पुरे. त्या तक्त्यात माझ्या इंदूचं नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं. अक्कांनी माझ्याकडं पाहिलं... मी चष्मा पुसत बसलो. सचिवांशी वाकडं कशाला घ्या, एवढंच डोक्यात. अक्कांचं पावतीपुस्तक काढून घेतलं गेलं. रिकामी पिशवी खांद्याला लावून त्या एकट्याच घरी गेल्या.

तीन आठवड्यांनी हृदयविकाराचा झटका. डॉक्टर काहीही म्हणोत, मी म्हणेन आम्ही मारलं त्यांना. शोकसभेत सचिव 'निःस्वार्थ सेवा' वगैरे बोलू लागले तेव्हा मी उठलो, म्हणालो, "आधी 'बोगस' शब्द मागं घ्या." ते हळूच म्हणाले, "आता गेल्या ना त्या सर, जाऊ द्या की." आणि चहा आला.

काल देणगी द्यायला ऑफिसात गेलो. आता सगळं संगणकावर. अक्कांचं नाव सांगितलं, तर जन्मतारीख आणि चालू मोबाइल नंबर दिल्याशिवाय पावती निघेना. मी उठून कपाट उघडलं आणि त्यांचं पुस्तक ओढून काढलं. कार्बन अजून आत तसाच होता. वर अक्कांचं पूर्ण नाव लिहिलं. खाली 'हस्ते'पुढं माझं, दाबून, ठळक. त्या दिवशी सभेत मोठ्यानं सांगायचं होतं ते एवढंच. पावती फाडली, दोन्ही हातांनी पुढं धरली आणि म्हणालो, "अक्कांची पावती."

घ्यायला कुणी नव्हतं.